विसरलेल्या वाक्याचे काय करायचे

नाट्यवर्गातल्या सरावाच्या नोंदी लेखी परीक्षेसाठी नीट उतरवून काढण्याचे काम आज संपवायचे ठरले होते. ते अर्ध्यावरच राहिले, कारण मधला एक आठवडा माझ्या वहीत कोराच निघाला आणि तो भरून काढण्यासाठी मी नाटकात माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीची वही मागून आणली. तिचे अक्षर पाहून जे वाटले ते इथे लिहीत नाही. आमच्या नाटकातल्या पत्राच्या प्रसंगाविषयी मात्र तिने लिहिले आहे : ‘येथे थोरल्या बहिणीने जाणीवपूर्वक विराम घेतला. त्यामुळे ताण वाढला आणि प्रेक्षकांचे लक्ष पत्राकडे वेधले गेले.’

थोरली बहीण मी होते आणि मी वाक्य विसरले होते.

दाराकडे पाठ करून मी उभी राहिले, तोंड उघडले आणि पुढचे काहीच आठवेना. सात्त्विक अभिनयाच्या टिपणात आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावना शरीरावर उमटते ती लक्षणे, पाठ केले आहेत; त्यांपैकी स्तंभ (थिजणे), स्वेद (घाम) आणि वेपथु (कंप) हे तिन्ही त्या क्षणी माझ्या अंगी अगदी खरे होते, फक्त ते पात्राचे नव्हते, माझे होते. तिने पत्राची घडी घातली, म्हणून प्रसंग तरला. सगळे वर्षभर मन लावून करावे आणि लोकांच्या लक्षात राहावी ती नेमकी आपली चूक, तीही कौतुक म्हणून, याचे मला संध्याकाळभर रडू येत होते.

परीक्षेत तीनच गोष्टी विचारतात : काय केले, का केले आणि परिणाम काय झाला. पहिली आणि तिसरी मला सहज लिहिता येते. ‘का’ या रकान्यात तिचे वाक्य जसेच्या तसे उतरवले, तर खोटे कोणाला कळणार नाही. रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीचे ‘जर’ (मी या पात्राच्या जागी असते तर?), दिलेली परिस्थिती, पात्राचे उद्दिष्ट, सगळे त्या शांततेला व्यवस्थित चिकटते. मी चिकटवूनही पाहिले आणि उत्तर इतके देखणे झाले की माझा स्वतःचाच त्यावर विश्वास बसू लागला. मग ते खोडले.

खोडताना दुसऱ्या दिवशीचा सराव आठवला. विराम चांगला वाटला म्हणून तो तसाच ठेवायचे ठरले होते आणि त्या वेळी मी मनात एक ते चार अंक मोजत उभी राहिले. तो विराम अगदी निर्जीव झाला. पत्राकडे कोणी पाहिले नाही. सगळे माझ्याकडे, मी कधी बोलते याची वाट पाहत बसले होते. पहिल्या दिवशी मी खरोखरच शब्द शोधत होते आणि थोरलीलाही त्या क्षणी शब्दच सापडत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी काहीच शोधत नव्हते. म्हणजे विसरण्याने जे साधले ते ठरवून साधले नाही, आणि हे लिहायला मला कोणतेही कारण रचावे लागत नाही. आपली फजितीच आपल्या टिपणांतला सर्वांत भरीव मजकूर निघावा, हेही एक नाटकच म्हणायचे.

आता अडचण निराळी आहे. प्रश्न पाच गुणांचा आहे आणि माझे उत्तर दीड पान झाले आहे. घडी घालण्याचा भाग काही मी कापणार नाही. वही सकाळी परत द्यायची आहे. ‘जाणीवपूर्वक’ या शब्दाविषयी तिला काही सांगावे की नाही, हे अजून ठरलेले नाही.