तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेऱ्याच्या नव्या लेन्समध्ये धूळ दिसतेय, परत करू का?

हा प्रश्न नागपुरात वर्षातून दोनदा हमखास येतो. एकदा दिवाळीच्या सेलनंतर, आणि एकदा ताडोबाच्या उन्हाळी सफारीच्या तोंडावर. सोबत एक फोटो असतोच. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारलेला आणि काचेत चांदणं पडल्यासारखे ठिपके.

आधी तो टॉर्च बंद करा. तिरप्या उजेडात कुठलीही लेन्स घाणच दिसते, बर्डीतल्या दुकानातून सीलबंद आणलेली दीड लाखाचीसुद्धा. धूळ असते का? असते. जुळणीच्या वेळी दोन-चार कण आत राहतात. शिवाय फिरवल्यावर लांब होणारी झूम लेन्स दर वेळी बाहेरची हवा आत ओढते. निकाल टॉर्चने नाही, फोटोने लावायचा.

फोटोत ते कण का दिसत नाहीत, याचा हिशेब सोपा आहे. ५० मिमीची लेन्स एफ १.८ वर (एफचा आकडा जितका लहान, तितकं अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, मोठं) असताना प्रकाश साधारण २८ मिमी रुंदीच्या भोकातून येतो. ०.२ मिमीचा कण, म्हणजे डोळ्यांना नीट दिसेल एवढा, त्यातला वीस हजारांतला एक भाग अडवतो. तीच लेन्स एफ १६ वर नेली की भोक तीन मिमीच्या आसपास येतं आणि तोच कण अडीचशेतला एक भाग खातो. १६ मिमीची वाइड लेन्स एफ १६ वर असेल तर भोक उरतं एक मिमीचं, आणि कण पंचविसातला एक भाग अडवू शकतो. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून दिशा कळते: भोक मोठं ठेवून पोर्ट्रेट काढणाऱ्याने धूळ विसरावी, वाइडवर अ‍ॅपर्चर आवळून लँडस्केप काढणाऱ्याने तपासावी. पुढच्या काचेमागचा कण सहसा निरुपद्रवी असतो. माउंटच्या, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या बाजूच्या, सेन्सरजवळच्या (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) काचेवरचा कण जास्त त्रास देतो.

तपासायला अर्धा तास पुरतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ १६. दुपारचं स्वच्छ आकाश किंवा एकसारख्या उजेडातली पांढरी भिंत घ्या आणि मॅन्युअलवर फोकस मुद्दाम बिघडवा. फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करून पाहा. काळे ठिपके दिसले की लगेच लेन्सला दोष देऊ नका. दुसरी लेन्स लावून तोच फोटो काढा. ठिपके त्याच जागी असतील तर धूळ सेन्सरवर आहे. लेन्स परत करून ती जाणार नाही.

मग रात्री लांबच्या रस्त्यावरचा एक दिवा घ्या, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि फोकस जवळ आणा. दिव्याची गोल चकती होईल आणि आतले मोठे कण, केस, तंतू तिच्यात उमटतील. चकतीत कांद्यासारखी वलयं दिसली तर ती धूळ नाही, अ‍ॅस्फेरिकल (पृष्ठभाग पूर्ण गोल नसलेल्या) काचेच्या घडणीची खूण आहे. तिसरी चाचणी उजेडासमोरची. फुटाळा तलावावर मावळता सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर ठेवा. चित्र दुधाळ होत असेल तर त्याच जागेवरून दुसऱ्या लेन्सशी ताडून पाहा; फक्त हिच्यातच दुधाळ दिसलं तर शंका या लेन्सवर.

आता परतीच्या मुदतीबद्दल. लोक ती सगळी धुळीत घालवतात आणि खरा दोष राहून जातो. विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉड अगदी सरळ लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, फोटो काढा आणि चारही कोपरे पाहा. डावी बाजू धारदार आणि उजवी मऊ असेल तर आतली काच केंद्रातून सरकलेली आहे. ही लेन्स परत करा, धूळ असो वा नसो. उलट चारही कोपरे सारखे आणि फोकस अचूक असेल, तर तीन कणांसाठी ती सोडू नका. बदली म्हणून येणाऱ्या लेन्सचे कोपरे कसे निघतील, कोणी सांगावं?

धुळीवरून परत करण्यासारखं काही नसतंच, असं मात्र नाही. मागच्या काचेजवळ मोठा कण, आत केस, कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे (ही बुरशी), काचेवर धुकट थर, यातलं काही दिसलं तर एक दिवसही थांबू नका. स्क्रूची डोकी खरवडलेली असतील, बोटांचे ठसे असतील किंवा लेन्सवरचा सिरियल नंबर खोक्याशी आणि बिलाशी जुळत नसेल, तर हा माल आधी कोणाकडे जाऊन आलेला असू शकतो. तिथे धूळ नुसती धूळ राहत नाही, पुरावा होते.

म्हणून खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. परतीचा नियम घेण्याआधी वाचा. अनेकदा मुदत सात-दहा दिवसांचीच असते आणि पैसे न मिळता नुसती बदली मिळते. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि ‘वॉरंटीत साफ करून घेऊ’ या भरवशावर मुदत घालवू नका, धूळ आणि बुरशी सहसा वॉरंटीत बसत नाहीत. स्वतः उघडायचा विचार तर नकोच. जपानी लेन्सच्या स्क्रूंची खाच वेगळ्या घडणीची असते, साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने डोकं झिजतं, आणि काच परत बसवताना केंद्र चुकतं. कॉम्प्रेसरची हवा मारली तर बाहेरची धूळ आत जाते.

लेन्स ठेवून घेतलीत तर एक लक्षात असू द्या. जिप्सीमागच्या धुरळ्यात लांब होणारी झूम चालवली की एका मोसमात दोन-चार कण वाढणारच. पण नागपुरात त्याहून मोठा धोका घरातल्या कूलरचा. बाहेर मे महिन्याची हवा कोरडी ठाक, आणि कूलरच्या खोलीत ओल सहज ६० टक्क्यांच्या वर. बुरशीला एवढं पुरतं. लेन्स त्या खोलीतल्या कपाटात ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक टाका, काटा ४० ते ५०च्या मधे राहू द्या. आणि पहिल्या दिवशीचा तो एफ १६चा भिंतीचा फोटो तारखेसकट जपून ठेवा. पावसाळा संपला की तसाच दुसरा काढून शेजारी लावता येईल.