चंद्रही तेवढ्याच अंतरावर आहे

ग्रहावर जीवसृष्टी असायला नेमकं काय लागतं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवतो. दुर्बिणीतून चंद्रावरचे खड्डे बघून झाले की रांगेतलं कुणीतरी हमखास हेच विचारतं. मी तोंड उघडायच्या आत मागून उत्तर येतं: ऑक्सिजन आणि पाणी.

ऑक्सिजन आधी बाजूला काढू. पृथ्वीवर जीव निदान ३५० कोटी वर्षं आहेत. हवेत ऑक्सिजन साठू लागला तो साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि तोही सूक्ष्मजीवांनीच सोडलेला. म्हणजे ती जीवसृष्टीची मागाहूनची कमाई.

पाण्याचं मात्र खरं. ते द्रवरूप हवं, म्हणून ताऱ्यापासून बेताचं अंतर हवं. बहुतेक जण इथंच थांबतात आणि माझी चुळबुळ सुरू होते. कारण आत्ता बघितलात तो चंद्र सूर्यापासून आपल्याइतकाच लांब आहे. ऊन तेच, तरी समुद्र म्हणून नावं दिलेली ती काळी मैदानं म्हणजे थिजलेला लाव्हा. चंद्राचं गुरुत्व आपल्या एक षष्ठांश, त्याला हवा धरून ठेवता येत नाही. आणि हवेचा दाब नसला की पाणी द्रव राहतच नाही. मंगळाचीही थोडीफार तीच गत. नद्यांची कोरडी पात्रं तेवढी उरली.

पण नुसती हवा असून भागत नाही, तिची ऊब बेताची राहायला हवी. ती कशी राहते, याचं माझं लाडकं उत्तर एका शिंपल्यात आहे. शिंपला व्हिनेगरमध्ये टाकून बघा. कडेकडेने बारीक बुडबुडे सुटतात, तो कार्बन डायऑक्साइड. एके काळी तो हवेत होता. पावसात विरघळला, त्या किंचित आंबट पाण्याने खडक झिजवले, झिजेतले क्षार समुद्रात गेले, त्यांचे शिंपले आणि चुनखडक झाले. समुद्राचा तळ सरकत सरकत पृथ्वीच्या पोटात जातो आणि ज्वालामुखी तोच वायू पुन्हा वर सोडतात. गंमत अशी, की उष्मा वाढला की झीज वाढते आणि हवेतला हा ऊब धरून ठेवणारा वायू कमी होतो. गारठा पडला की झीज मंदावते, वायू साठतो, पुन्हा ऊब येते. लाखो वर्षांची चाल आहे ही, पण चालते.

शुक्रावर हे चाक फिरत नाही. आपल्याकडे जेवढा कार्बन चुनखडकांत कोंडलेला आहे, साधारण तेवढाच तिथं हवेत मोकळा आहे. जमिनीवर सुमारे ४६० अंश सेल्सिअस, हवेचा दाब आपल्या नव्वदपट. दुर्बिणीत त्याची नाजूक कोर बघून लोक हरखतात. मी अशा वेळी आकडे सांगत नाही.

एवढं सगळं ऐकवून झालं की शनी दाखवायची वेळ येते आणि माझंच उत्तर अडचणीत सापडतं. शनीचा चंद्र एन्सेलाडस जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा. हवा जवळजवळ नाही, ऊन नावापुरतं. पण २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवातून फवारे उडताना दिसले: बर्फाचे कण, वाफ, पुढे त्यात क्षार आणि सेंद्रिय पदार्थही सापडले. शनीच्या ओढाताणीने तो आतून कणकेसारखा मळला जातो, त्या उबेने बर्फाखाली समुद्र टिकून आहे. बेताचं अंतर वगैरे तिथं काही लागू पडत नाही.

माझ्या दुर्बिणीतून एन्सेलाडस दिसत नाही. शनीच्या कड्यांच्या जवळ कुठंतरी असेल, असं सांगतो आणि रांग पुढे सरकवतो.