७९२ क्रमांकाचा पास

गोव्यात अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा तालुक्यातल्या, एका गावात आमचं वाचनालय आहे. देवळाच्या तळीपासून वर चढून आलं की दोन खोल्या, पुढे पडवी. पडवीत वर्तमानपत्रं, आत पुस्तकं. मी तिथे ग्रंथपाल आहे. मदतनीस नाही, त्यामुळे केर काढण्यापासून वार्षिक अहवालापर्यंत सगळं मीच करते.

आमच्याकडे सगळ्यात झिजलेलं कपाट नाटकांचं आहे. कादंबऱ्यांची पुस्तकं त्या मानानं धडधाकट आहेत. गोव्याबाहेरच्या वाचकाला याचं नवल वाटेल, पण इथे कार्तिकापासून शिमग्यापर्यंत जत्रा-उत्सव असतात आणि देवळापुढच्या मांडवात गावचे लोक मराठी नाटक करतात. वाड्यावर नाटक ठरलं की संहिता न्यायला माणूस आमच्याकडे येतो. पूर्वी आठवडाभर पुस्तक ठेवून प्रत्येकाच्या भूमिकेची नक्कल हातानं उतरवून घ्यायचे. आता उभ्या उभ्या मोबाईलवर पानांचे फोटो काढतात. ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देतात त्या ड्युईच्या वर्गीकरणात मराठी नाटकाचा क्रमांक ८९१.४६२. आमच्या गावात हा क्रमांक शाळकरी पोरांनाही पाठ आहे, कारण बापासाठी पुस्तक न्यायला तीच येतात.

सांगायची आहे ती गोष्ट २०१९ च्या जानेवारीतली. पण तिची सुरुवात आदल्या गणेशचतुर्थीला झाली. माझा मावसभाऊ न्यूयॉर्कला क्वीन्स भागात राहतो. तो चवथीला घरी आला होता आणि जेवताना सहज म्हणाला, "अगं, आमच्या लायब्ररीच्या कार्डावर आता म्युझियम फुकट बघायला मिळतं." मी वाढता वाढता थांबले. त्यानं सांगितलं ते असं: न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स या तिन्ही सार्वजनिक ग्रंथालयांनी मिळून २०१८ च्या जुलैत 'कल्चर पास' सुरू केला. सुरुवातीलाच तीसहून अधिक संस्था त्यात होत्या. वय तेरा किंवा त्याहून जास्त असलं आणि कार्ड असलं की घरबसल्या तारीख राखून ठेवायची, पास छापून घ्यायचा आणि जायचं. अमेरिकेत कितीतरी गावांत ही पद्धत त्याआधीपासूनच आहे, तिथे तर म्युझियमचा पास पुस्तकासारखा घरी नेतात आणि वापरून परत आणून देतात.

पुस्तकासारखा परत आणून देतात, हे माझ्या मनात रुतून बसलं. ग्रंथालयशास्त्र शिकताना रंगनाथन यांचे १९३१ चे पाच सिद्धांत आम्ही घोकले होते. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. नाटकाच्या बाबतीत ग्रंथ म्हणजे अर्धंच नाटक, हे आमच्या गावाइतकं दुसरं कुणाला कळणार? उरलेलं अर्धं मी का देऊ नये?

त्या वर्षी पणजीला कला अकादमीत सात दिवसांचा संगीत नाटकांचा महोत्सव होणार होता. आयोजकांपैकी एक गृहस्थ आमच्या ग्रंथप्रदर्शनाला येऊन गेले होते. मी त्यांना फोन केला आणि सातही दिवसांसाठी दोन खुर्च्या मागितल्या. त्यांनी फार विचार केला नाही. दोन माणसांचा एक पास पाठवून दिला आणि म्हणाले, "जो आणील त्यानं तुमच्या वाचनालयाचं कार्ड दाखवावं, म्हणजे झालं."

मी तो पास रीतसर दाखल नोंदवहीत चढवला. रंगभूमीचा क्रमांक ७९२, तो दिला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवला, मागे पुस्तकाला असतो तसा कागदी खिसा लावला, खिशात कार्ड, वर तारखेचे शिक्के मारायची पट्टी. आमच्याकडे अजून जुनी पद्धत आहे: पुस्तकाचं कार्ड काढून वाचकाच्या तिकिटात खोचायचं आणि ते तिकीट पुस्तक परत यायच्या तारखेच्या कप्प्यात उभं करायचं. पासाचंही तसंच ठरवलं. एका रात्रीसाठी न्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत परत. पडवीतल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं.

पहिला दिवस गेला, कुणी नेला नाही. दुसरा गेला. तिसरा गेला. पणजीला तीन रात्री आमच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि मी रोज संध्याकाळी तो पास कपाटात ठेवून कुलूप लावत होते. एवढं वाईट मला पुस्तकांना वाळवी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं. वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या एका मास्तरांना मी जरा चिडूनच विचारलं, तुम्ही तरी का जात नाही? ते म्हणाले, "रातीं येतलों कसो, बाय?"

खरंच होतं. नाटक सुटणार अकराला. पणजीहून फोंड्याची गाडी कशीबशी मिळाली, तरी फोंड्याहून आमच्या गावात साडेआठनंतर काही येत नाही. मी तिकीट फुकट केलं होतं, पण परतीच्या वाटेचा विचारच केला नव्हता. हे मला आधी कळायला हवं होतं, कारण एकदा मुलांना जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात नेताना हेच झालं होतं. तिथे पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकटच असतो. पैसे लागले ते सगळे बसला. त्यासाठी वर्गणी काढताना माझी दमछाक झाली होती. (जाणार असाल तर शुक्रवार सोडून जा, त्या दिवशी ते बंद असतं.)

बसपेक्षाही एक मोठी अडचण होती, ती कुणी बोलून दाखवत नव्हतं. एका बाईंनी मात्र दाखवली. पास हातात घेऊन, उलटसुलट करून परत ठेवला आणि म्हणाल्या, "आमी थंय कितें करतलीं?" देवळापुढच्या मांडवात पहिल्या रांगेत चटई टाकून बसणारी ही माणसं. ज्या प्रेक्षागृहाला आमच्याच महालातल्या मंगेशीच्या दीनानाथांचं नाव आहे, तिथे आपलं काय काम, असं त्यांना वाटत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी माई आल्या. वय चौऱ्याहत्तर. आमच्या सगळ्यात जुन्या सभासदांपैकी एक. घरात कोंकणी, वाचायला मराठी, आणि वाचायचं म्हणजे बहुतेक नाटकंच. त्यांनी फळा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"आयज सौभद्र?"

मी हो म्हटलं. नाटक करणारी मंडळी आमच्याच तालुक्यातली होती.

"बाय, हो पास म्हाका जाय." पास त्यांना हवा होता.

१८८२ साली रंगमंचावर आलेलं हे नाटक माईंच्या घरातलंच होतं म्हणायला हरकत नाही. त्यांचे यजमान तरुणपणी सुभद्रा करायचे. तेव्हा गावात बायका रंगमंचावर उभ्या राहत नसत. माई लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच वर्षी जत्रेला सुभद्रेसाठी बरं लुगडं मिळेना, म्हणून माईंचा लग्नातला शालू गेला. तो शालू नेसून नवरा रंगमंचावर उभा आणि बायको खाली चटईवर बसलेली. हे त्यांनी मला मागेच केव्हातरी सांगितलं होतं, चुलीवरच्या भाताबद्दल सांगावं तितक्या साधेपणानं. पुढची बारा-पंधरा वर्षं रोज रात्री त्या हातात नक्कल धरून बसायच्या आणि यजमानांकडून भाषणं पाठ करून घ्यायच्या. त्यामुळे सगळ्या भूमिका माईंनाच पाठ झाल्या.

"येताना काय कराल?" मी विचारलं. शेजारच्यांची आठवीतली नात सोबत घेते, तिचा बापूस स्कूटर घेऊन न्यायला येईल, असं म्हणाल्या. एका स्कूटरवर तिघं कशी येणार, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी शिक्का मारला, पासाचं कार्ड त्यांच्या तिकिटात खोचलं. तारखेच्या पट्टीवरचा तो पहिला शिक्का.

संध्याकाळी सव्वासातला फोन आला. शेजारची ती मुलगी बोलत होती, आवाज रडवेला. दारावरचा स्वयंसेवक आत सोडत नव्हता. पासावर कुणाचं नाव नाही, आणि वाचनालयाचं कार्ड चालतं असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी आयोजकांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. गॅसवर आमटी उतू गेली. माझ्या डोळ्यांपुढे एकच दिसत होतं: आयुष्यात पहिल्यांदा त्या पायऱ्या चढलेली बाई माझ्या पुठ्ठ्यामुळे चारचौघांत अडून उभी आहे. यानंतर माझ्या गावातलं दुसरं कुणी तिथे जाईल?

पंधरा मिनिटांनी मुलीचाच फोन आला. आत बसलोय, एवढंच कुजबुजली आणि ठेवला.

नंतर कळलं ते असं. माईंनी पास त्या मुलाच्या हातात दिला आणि सांगितलं, हा माझ्या नावावर उद्या अकरापर्यंत आहे, मागे शिक्का बघ. त्यानं उलटून पाहिलं. तेवढ्यात शेजारचा दुसरा स्वयंसेवक पुढे आला. त्याच्याही गावात असंच वाचनालय होतं आणि लहानपणी तिथून पुस्तकं नेताना असाच कागदी खिसा त्यानं शेकडो वेळा पाहिला होता. "हें वाचनालयाचें," म्हणाला आणि दोघींना स्वतः नेऊन खुर्चीवर बसवलं.

रात्री अकराला माझ्या डोळ्याला डोळा नाही. मुलीच्या बापाची स्कूटर बाणस्तारीच्या अलीकडे बंद पडली होती. त्याचा मला फोन, माझे माईंना फोन, आणि माईंचा मोबाईल घरी देवघरात. मुलीच्या आईनं फोन दिला होता तो मध्यंतरातच बंद पडलेला. मी नवऱ्याला उठवलं, गाडी काढा म्हटलं. आम्ही तिठ्यापर्यंत पोहोचलो, तोच समोरून एक टेम्पो आला. मागे रंगवलेले पडदे, लाकडी चौकटी, पुठ्ठ्याचे खांब, आणि पुढे चालकाशेजारी मुलीला मांडीवर घेऊन माई.

नाटक करणारी मंडळी फोंड्याकडे परतत होती. नाटक संपल्यावर माई सरळ रंगपटात गेल्या होत्या. बस कुठे मिळेल हे विचारायला नव्हे. सुभद्रेचं काम करणाऱ्या मुलीला बघायला.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला त्या पास घेऊन वाचनालयात हजर. मी त्यांना बाकावर बसवलं, चहा मागवला आणि काय काय पाहिलं ते विचारलं. आधी नाटकाचं काहीच बोलल्या नाहीत, भिंतींचंच सांगत राहिल्या. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या त्या प्रेक्षागृहाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांच्या हातचे सज्जे रंगवलेले होते आणि सज्ज्यांत माणसं बसलेली. जुन्या गोव्यातली नटूनथटून नाटकाला आलेली माणसं. (नूतनीकरणासाठी अकादमी बंद झाली ती यानंतर.) पहिला अर्धा तास बाई त्या चित्रांकडेच बघत होत्या. दारावरच्या प्रकारानं छातीत धडधडत होतं म्हणाल्या, आणि त्या माणसांकडे बघून बरं वाटलं.

"तीं आदींच येवन बसल्यांत," म्हणाल्या. "तांकां कोणेंच विचारूंक ना." ती आधीच येऊन बसलीत, त्यांना कुणीच विचारलं नाही.

मग हळूहळू नाटकावर आल्या. गाणी चांगली झाली. नारद बरा. सुभद्रा करणारी पोर गोड होती, पण रागावल्यावर पदर कसा घ्यायचा ते तिला कुणी शिकवलेलं नाही. यजमान तो डाव्या हातानं ओढून घ्यायचे, आणि तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकासुद्धा गप्प व्हायच्या. ते रंगपटात तिला करून दाखवलं, असंही सांगितलं. माईंचं वय, गुडघे, आणि भोवती रंग पुसत उभी असलेली मंडळी. तिथे मी नव्हते याचं मला फार वाईट वाटलं.

"पूण एक उलोवप तांणी गाळ्ळां," माई म्हणाल्या. एक भाषण त्यांनी गाळलं. की आपल्यालाच आता नीट आठवत नाही? रात्रभर त्या याच विचारात होत्या.

मी ८९१.४६२ च्या कपाटातून सौभद्र काढलं. पुठ्ठा सुटलेला, मधली पानं टाचलेली, समासात कुणाकुणाच्या पेन्सिलीच्या खुणा. माईंनी पानं उलटली. बराच वेळ सापडेना, बोट ओळींवरून सरकत होतं. मग थांबलं. भाषण होतं. गाळलेलंच होतं.

त्या मनात वाचतील असं मला वाटलं. पण त्यांनी पुस्तक मिटलं, टेबलावर ठेवलं आणि बसल्या जागी पहिलं वाक्य मोठ्यानं म्हटलं. दुसऱ्या वाक्याला त्या उठून उभ्या राहिल्या. तो आवाज त्यांचा नव्हता. पुरुषानं बाईचा काढलेला आवाज ही बाई काढत होती, थोडा वरचा, टोकाशी जरा लांबवलेला, पन्नास वर्षांपूर्वी घासलेटच्या दिव्याखाली रोज रात्री ऐकलेला. पडवीत वर्तमानपत्रं खाली आली. मास्तर उठून दारात येऊन उभे राहिले.

अकराचे ठोके पडले. रात्रीच्या नाटकाचा पास न्यायला वरच्या वाड्यावरचा एक मुलगा आला होता, चपला काढून उंबऱ्याशी उभा. त्यानं तोंड उघडलं, तशी मी हातानंच त्याला थांब म्हटलं. माईंचा डावा हात पदराकडे गेला होता.