तेरा वर्षांच्या मुलीसाठी हरणाची रायफल: कॅलिबर ठरवताना आलेला अनुभव

विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबर लागला की शाळेत, ऑफिसात, पेट्रोल पंपावर विषय एकच असतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि अर्धं गाव भगवी जाकिटं घालून जंगलात जातं. आमची लेक इथेच वाढली. मैत्रिणी जातात म्हणून तिलाही जायचं होतं, आणि बारा वर्षांची झाल्यापासून तिने तो हट्ट सोडलाच नाही.

कोल्हापूरला आईला फोनवर सांगितलं, तर पलीकडे आधी शांतता. मग, "पोरीच्या हातात बंदूक देणार व्हय रे? आणि ती पण हरणावर?" आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, हरणाची शिकार म्हणजे सरळ गुन्हा, त्यामुळे तिचं चुकत नव्हतं. इथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला सरकारच परवाने देतं, असं सांगून पाहिलं. मग स्वप्निल कुसाळेचं नाव घेतलं, आपल्याच जिल्ह्यातला, पॅरिसला रायफलीतच ब्राँझ आणलं. त्यावर आई म्हणाली, "ते पोरगं कागदावर मारतंय." मुद्दा बिनतोड होता.

लेकीबरोबर मीही हंटर एज्युकेशनचा कोर्स केला. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी तो लागतोच. एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितो. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध हंटिंग लायसन्स असलं तर सूट मिळते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते. अठराखालच्या मुलाला दुकानदार रायफल विकत नाही, म्हणून रायफल माझ्या नावावर.

आता कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी; काडतुसांची नावंही बहुतेक त्यावरूनच पडतात, .३० म्हणजे इंचाचे तीस शतांश. इथे प्रत्येकाला मत आहे. शेजारच्या आजोबांनी आपली जुनी .३०-३० ची, चापाजवळची दांडी खालीवर करून काडतूस भरायची रायफल पुढे केली. १८९५ पासून या काडतुसाने अमेरिकेत अगणित हरणं पाडली आहेत. ऑफिसातला एक जण .३०-०६ च्या खाली यायला तयार नव्हता. दुकानातला पोरगा ६.५ क्रीडमूरचं गुणगान गात होता. ओहायोतल्या मावसभावाने .३५० लेजंड सुचवली, पण त्याचं कारण वेगळं: त्यांच्याकडे हरणासाठी रायफलीत सरळ भिंतीचीच, म्हणजे तोंडाशी न आवळलेली, काडतुसं चालतात, आणि २०१९ मध्ये लेजंड आली तीच असल्या राज्यांसाठी. आमच्याकडे ते बंधन नाही. .२२ किंवा त्याहून मोठी सेंटरफायर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठिणगी पडणारी, हवी, एवढंच. कुसाळेची .२२ रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठिणगी पडणारी, त्यात बसत नाही.

सगळे हरणाबद्दल बोलत होते, मला मात्र खांद्याची काळजी होती. पोरगी चाळीस किलोचीसुद्धा नाही. साधारण साडेसात-आठ पाउंडांच्या रायफलीतून .३०-०६ चा धक्का वीस फूट-पाउंडांच्या (ऊर्जेचं इथलं माप) आसपास बसतो, .३०८ चा सोळाच्या आसपास, ६.५ क्रीडमूरचा बारा, .२४३ चा नऊ. आणि मुलांसाठीच्या कॉम्पॅक्ट रायफली वजनाला हलक्या असतात, म्हणजे तेच काडतूस त्यांच्यातून जास्त लाथ मारतं. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही. नळीच्या तोंडाला ब्रेक, म्हणजे वायू बाजूला वळवणारी नळकांडी, लावून धक्का कमी होतो खरा, पण आवाज असा होतो की शेजारी उभं राहवत नाही. तो पर्याय मी तिथेच सोडला. मुलं धक्क्याइतकीच आवाजालाही दचकतात, म्हणून कानात प्लग आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही.

उन्हाळाभर तिला फक्त .२२ दिली. मग ओळखीच्यांच्या रायफली मागून आणून रेंजवर घेऊन गेलो. तिथल्या प्रशिक्षकांनी एक युक्ती दाखवली, तीच सगळ्यात कामाची ठरली. मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं खोटं, बिनदारूचं मिसळायचं आणि कुठलं कधी येणार ते नेमबाजाला कळू द्यायचं नाही. चाप ओढला आणि नुसतं 'टक्' वाजलं, की नळीचं टोक काय करतं ते बघायचं. .३०८ वर खोटं काडतूस आलं तेव्हा नळीने सरळ खाली मान टाकली. धक्का येणार म्हणून तिने आधीच डोळे मिटून खांदा पुढे रेटला होता. क्रीडमूरवर टोक थोडं हललं. .२४३ वर जागचं हललं नाही. तिला विचारलं असतं तर "मला सगळ्याच चालतील बाबा" हेच उत्तर मिळालं असतं, आणि ते दिलंही तिने.

तरी .२४३ विंचेस्टरबद्दल लोक जे कुरकुरतात, त्यात तथ्य आहे. १९५५ चं हे काडतूस म्हणजे .३०८ चीच पुंगळी, तोंड आवळून सहा मिलिमीटर केलेली. गोळी छोटी, त्यामुळे चुकीला जागा कमी. शंभर ग्रेनची (साधारण साडेसहा ग्रॅमची) गोळी नळीतून सेकंदाला साधारण २,९५० फुटांनी निघते आणि शंभर यार्डांवर सोळाशेच्या आसपास फूट-पाउंड ऊर्जा शिल्लक असते. हरणासाठी हजार पुरे, असा इथला जुना ठोकताळा आहे. आमच्या रानात शंभर यार्डांपलीकडचं दिसतंच कुठे! म्हणून आमचा नियम ठरला: शंभरच्या आत, हरीण आडवं उभं असेल तरच, आणि गोळी पुढच्या पायामागे, फुप्फुसांत. ती जागा कागदी जेवणाच्या ताटलीएवढी असते. सरावालाही ताटल्याच लावल्या. बसून, गुडघ्यावर, काठीच्या टेकूवर. रेंजवरच्या बाकावर रायफल टेकवून मारलेल्या गोळ्या मी मोजल्याच नाहीत.

७ एमएम-०८ वर मन थोडं अडलं होतं. तेही .३०८ चंच भावंड, गोळी जड, धक्का क्रीडमूरइतकाच. पण आमच्या गावातल्या दुकानात त्याच्या पेट्या क्वचित दिसतात, तर .२४३ हार्डवेअरच्या दुकानातही मिळते. पेटी घेताना मात्र वाचून घ्यावी. ५५ ते ७५ ग्रेनच्या बऱ्याचशा गोळ्या कोल्ह्या-घुशींसाठीच्या, लागल्या की वरच्यावर फुटणाऱ्या. हरणाला ९० ते १०० ग्रेनची हवी. शिसं नको असेल तर तांब्याची ऐंशीचीही चालते.

दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाची, लांबी कॅलिबरइतकीच महत्त्वाची निघाली. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या खळगीत टेकवलं, की बोटाचं पहिलं पेर चापावर यायला हवं. मोठ्यांच्या साडेतेरा इंची दस्त्यावर तिची मान ताणली जायची आणि दुर्बीण नीट दिसायची नाही. साडेबारा इंची कॉम्पॅक्टवर गाल आपोआप जागेवर बसला. धक्काही तिला कमी वाटला, काडतूस तेच असून.

हंगामाच्या दुसऱ्या दिवशी सत्तरेक यार्डांवर एक मादी आडवी थांबली. तेरा वर्षांच्या मुलांसोबत मोठं माणूस नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात लागतं. मी तर तिच्या मागेच बसलो होतो. त्याआधी एक नर समोरून येत होता, छाती आमच्याकडे. तो तिने सोडला, मी काही बोललो नव्हतो. मादी गोळी लागल्यावर झाडीत पळाली आणि चाळीसेक पावलांवर पडली. बाहेर पडतानाचं भोक अंगठ्याएवढंच होतं, रक्त थोडं. गवत उंच असतं तर शोधायला वेळ लागला असता. .२४३ वाल्यांनी हे धरूनच चालावं. डोकं सीडब्ल्यूडीच्या, म्हणजे हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाच्या, तपासणीला दिलं, रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीजरला.

तिची उंची वाढतेय, पुढल्या वर्षी दस्त्याला स्पेसर, म्हणजे लांबी वाढवणारी चकती, लागेल. कॅलिबर बदलायचा विचार नाही. शंभर ग्रेनच्या दोन पेट्या ऑगस्टातच आणून ठेवल्यात. नोव्हेंबरात हार्डवेअरवालाही हात वर करतो.