फोटो आणि व्हिडिओसाठी एकच मिररलेस: मी काय तपासते

मी नृत्याच्या तालमी आणि प्रयोग टिपते. आत्ता गिरकीचा फोटो हवा असतो आणि पुढच्याच क्षणी अभिनयाचा व्हिडिओ, तोही हातातल्या त्याच कॅमेऱ्यावर. म्हणून नवा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा हाती आला की त्याचे फोटो कसे आणि व्हिडिओ कसा, असं वेगवेगळं मी बघत नाही. फोटो आता बहुतेक सगळेच कॅमेरे चांगले काढतात. मी तपासते तो या दोन कामांमधला सांधा.

आधी शटर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर उजेड किती वेळ पडतो ते. गिरकी गोठवायची तर सेकंदाचा १/५०० किंवा त्याहून जलद शटर लागतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत मात्र १/५० ठेवावा लागतो, नाहीतर हालचाल तुटक दिसते. म्हणजे फोटोवरून व्हिडिओवर जाताना दहापट उजेड आत येतो. तो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) उतरवून, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) बारीक करून किंवा एनडी फिल्टर (लेन्सपुढची काळसर काच) लावून कमी करावाच लागतो. लॉग प्रोफाइल (नंतर रंग सुधारण्यासाठी मुद्दाम फिकं रेकॉर्ड केलेलं चित्र) वापरणाऱ्यांची अडचण आणखी वाढते, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत लॉगचा किमान आयएसओच ६४० किंवा ८०० असतो. कॅमेरा दोन्ही मोडची सेटिंग वेगवेगळी लक्षात ठेवत असेल तर निदान शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स (दिव्यानुसार रंगांचा तोल) एका खटक्यात बदलतात. २०२१ च्या सोनी ए७ फोरमध्ये मोड डायलच्या खालीच यासाठी वेगळी चकती आहे, २०२२ च्या कॅनन आर६ मार्क टूमध्ये वेगळा स्विच आहे. मेगापिक्सेलपेक्षा मला या खटक्याचं मोल जास्त वाटतं. मेनूत शिरेपर्यंत नर्तकी पुढच्या मुद्रेवर गेलेली असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सेन्सर किती वेगाने वाचला जातो. प्रयोग चालू असताना शटरचा खटखटाट चालत नाही, त्यामुळे मी फोटोही इलेक्ट्रॉनिक शटरवर, आवाज न करता काढते. तिथे सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, आणि व्हिडिओतही तसाच. वाचन मंद असेल तर फोटोत झपाट्याने फिरणारा हात वाकडा येतो, एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे उमटतात आणि व्हिडिओत कॅमेरा पटकन वळवला की उभे खांब तिरपे होतात. दोष एकच, फक्त तो दोन ठिकाणी दिसतो. काही कॅमेऱ्यांना पूर्ण सेन्सर वाचायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. स्टॅक्ड (थरांनी रचलेला, जलद वाचला जाणारा) सेन्सर हेच काम अडीचशेव्या भागाच्या आसपास उरकतो, म्हणूनच २०२१ मध्ये निकॉनला झेड९ मधून यांत्रिक शटर काढून टाकता आला. सोनी ए९ थ्रीचा ग्लोबल शटर तर सगळ्या ओळी एकदमच टिपतो, पण त्याचा किमान नेहमीचा आयएसओ इतरांपेक्षा चढा, २५० आहे, म्हणजे तिथेही काहीतरी सोडावं लागलंच.

हे पारखायला यंत्र लागत नाही. फिरत्या पंख्याचा आवाजविरहित शटरवर फोटो काढा आणि पाती वाकडी दिसतात का बघा. मग व्हिडिओ चालू करून दाराच्या चौकटीसमोरून कॅमेरा झर्रकन फिरवा. शेवटी ज्या दिव्यांखाली तुम्ही काम करता, त्याच दिव्यांखाली वेगवेगळ्या शटरवर फोटो काढून पट्टे येतात का ते पाहा. काही कॅमेरे वाचन जलद करण्यासाठी इलेक्ट्रॉनिक शटरवर रॉ फाइल (सेन्सरची कच्ची फाइल) १४ बिटवरून १२ बिटवर आणतात, म्हणजे छटांच्या पायऱ्या कमी होतात, तेही माहितीपत्रकात शोधा. काळोख्या रंगमंचावरच्या फोटोत नंतर सावल्या उजळताना हा फरक जाणवतो.

(मजा म्हणजे २००८ मध्ये आलेल्या पहिल्या मिररलेसमध्ये, पॅनासॉनिकच्या जी१ मध्ये, व्हिडिओ नव्हताच. तो पुढच्या वर्षी जीएच१ मध्ये आला.)

व्हिडिओच्या बाकी गोष्टी थोडक्यात. १० बिट हवेच: ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४. मागच्या पडद्यावर एकच निळा प्रकाश असला की हा फरक लपत नाही. ४के ६० फ्रेमवर कॅमेरा चित्र कापतो का, हेही विचारा. दीडपट क्रॉप झाला तर २४ मिमीची लेन्स ३६ मिमीसारखी दिसते आणि समूहनृत्यातले कडेचे दोघे चौकटीबाहेर जातात. उष्णतेची चाचणी मात्र मी टाळत नाही. तुमचा सर्वांत लांब प्रवेश असेल तेवढा वेळ सलग रेकॉर्ड करा आणि लगेच फोटो काढून पाहा, कारण तापून बंद पडलेला कॅमेरा व्हिडिओबरोबर फोटोही बुडवतो.

ऑटोफोकसकडून दोन्ही कामांच्या अपेक्षा उलट आहेत. फोटोत तो क्षणात पोचायला हवा. व्हिडिओत त्याने एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर हळुवार जायला हवं, आणि मधून कुणी आडवं गेलं तर आधीचा चेहरा सोडता कामा नये. त्यामुळे व्हिडिओसाठी फोकसचा वेग आणि चिकाटी वेगळी ठरवता येते का, ते मी बघते. दोन माणसांना एकमेकांसमोरून चालायला लावून हे सहज तपासता येतं. लेन्सही तीच लावा जी पुढे वापरणार आहात, कारण फोकस बदलताना चौकट लहानमोठी होते की नाही, हे त्या लेन्सवर ठरतं.