लांडगामाणसाचा मुखवटा, नोंद सहावी : जबडा अजून हलत नाही

काथ्याचा नाद सोडला. परसातल्या नारळांची सोडणं कुटून, धुऊन, वाळवून आठवडा घालवला आणि मुखवट्यावर चिकटवल्यावर लांडग्याऐवजी केरसुणी दिसली. काथ्या वाकतच नाही, ताठ उभा राहतो. १९४१ च्या 'द वुल्फ मॅन' चित्रपटासाठी रंगभूषाकार जॅक पियर्स याकचे केस का वापरायचा, ते आता कळलं. फोंड्यात याक कुठला? जत्रेतल्या नाटकांना रंगभूषा करणाऱ्या काकांनी दाढीमिशांचा उरलेला क्रेप, म्हणजे खोटे केस, दिला. "पावसात गोंद धरचो ना रे," असं बजावूनच दिला. ते खरं ठरलं. सकाळी डावा गाल टेबलावर पडलेला.

नमुना म्हणून डोळ्यांसमोर आहे तो 'आय वॉज अ टीनेज वेअरवुल्फ'. १९५७ चा, कृष्णधवल, ७६ मिनिटांचा, बेताच्या पैशांत केलेला. परवा तिसऱ्यांदा पाहिला. कथा म्हणाल तर भोकंच भोकं. संमोहनाने पोराला आदिम अवस्थेत न्यायचं म्हणजे मानवजात वाचेल, हे त्या डॉक्टरचं तर्कट विट बिसेल इतक्या गंभीरपणे बोलतो की हसूही येत नाही. पोलिसांच्या खोल्यांत गप्पा लांबत जातात, आपण घड्याळ बघतो. पौर्णिमा नाही, चांदीची गोळी नाही. रूपांतर तर हातचलाखीच: चेहरा, कट, केसाळ चेहरा.

पण ती शाळेची घंटा! तो पोरगा, म्हणजे मायकेल लँडन, व्यायामशाळेच्या दाराशी उभा, आत मुलगी कसरत करतेय, कानाशी घंटा कर्कश वाजते आणि तो बदलतो. मुलीला तो उलटा दिसतो, कारण ती स्वतःच उलटी लटकलेली. एवढ्या एका युक्तीत पैसे वसूल. वर अंगात शाळेचं जाकीट तसंच. भरदिवसा, गणवेशात लांडगा. अंधार-धुकं लागतच नाही. लँडन पुढे 'बोनान्झा' या टीव्ही मालिकेत लाडका झाला, पण मला तो इथलाच आवडतो. चिडका, घाबरलेला, तोंडाला फेस आलेला.

तो फेसच माझी अडचण आहे. फेस दिसायचा तर तोंड उघडं हवं, आणि माझा मुखवटा खळ-कागदाचा. जबडा ओढला की कानापाशी चीर जाते. कालपासून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बिजागरी म्हणून लावून बघतोय. दोन बोटं उघडतो, मग अडकतो. सुळेही फार पांढरे झालेत, हॉटेलातल्या कपबशीसारखे. चहाच्या चोथ्यात बुडवून ठेवलेत.

दरम्यान वाड्यावरच्या पोरांनी नरकासुराच्या पुतळ्यासाठी मुखवटा मागितलाय. म्हणजे चतुर्दशीच्या पहाटे भडाग्नी. मुखवटा देणार नाही म्हणालो. मातीचा साचा हवा तर न्या.