हायवे वन, आरव्ही आणि मागची रांग

कॅलिफोर्नियाच्या हायवे वनवरून समुद्र बघायचा असेल तर आरव्हीत, म्हणजे आत राहायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाडीत, बसा, ती चालवू नका. आमच्याकडे चालवायला नवरा होता, त्यामुळे मला भरपूर समुद्र दिसला आणि त्याला दिसली रस्त्याच्या मधली पिवळी दुहेरी रेघ. उत्तरेकडून दक्षिणेला उतरताना समुद्र उजव्या हाताला येतो, म्हणजे थेट माझ्या खिडकीखाली. खिडकीखाली म्हणजे खरोखरच खाली. 25 फुटी गाडी वळणावर वळली की मला रस्त्याची कड दिसायचीच नाही, एकदम लाटाच. मी दोनदा ‘अरे सांभाळून’ म्हणाले, त्यावर मिळालेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

सॅन फ्रान्सिस्को आणि सांता क्रूझ नेहमीसारखीच झाली, फोटो आहेत.

खरी मजा माँटेरे सोडल्यावर सुरू झाली. बिक्सबी पुलाशी थांबायचं सगळ्यांनी ठरवलं होतं. पण पूल 1932 सालचा, आणि आसपास कडेला मिळेल त्या जागेत छोट्या गाड्या कोंबलेल्या. आमचं धूड तिथे उभं राहणं शक्यच नव्हतं. पुलावरून गेलो एवढंच.

त्यानंतर मागे रांग लागायला लागली. हा रस्ता दोनच पदरी, वळणावळणाचा, ओव्हरटेक करायला जागा नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो की अशा रस्त्यावर तुमच्या संथ गाडीमागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या, तर पुढच्या टर्नआउटला, म्हणजे रस्त्याकडेला ठेवलेल्या थांबायच्या जागेत, बाजूला होऊन त्यांना जाऊ द्यायचं. मागच्या खिडकीतून मोजायचं काम मुलाने स्वतःहून घेतलं. ‘तीन... चार... बाबा, पाच!’ की नवऱ्याच्या मानेची शीर ताठ. टर्नआउट दिसेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मग खडीवर चाकं करकरली, गाडी एका बाजूला कलली, की वरच्या कप्प्यातली भांडी एका सुरात सरकायची. मागच्या गाड्या सुळकन निघून जायच्या. कुणी हात हलवून आभार मानायचं, कुणी हॉर्न मारून राग काढायचं.

‘लग्नाला निघालेत वाटतं, मुहूर्त टळतोय,’ सासूबाई म्हणायच्या.

पण याच थांब्यांवर नवऱ्याला पहिल्यांदा समुद्र दिसला. एका टर्नआउटवर खाली केल्प या समुद्री शेवाळाचं तपकिरी जंगल लाटांबरोबर डोलत होतं आणि सासूबाईंनी दुर्बिणीतून त्यात उताणं पडलेलं पाणमांजर शोधलं. पोटावर काहीतरी ठेवून ते फोडत होतं. नवऱ्याने दुर्बीण घेतली ती परत द्यायलाच तयार नाही. मुलगा म्हणाला, ‘बाबा, आता तर मागे कोणीच नाहीये.’ तरी आम्ही हललो नाही.

एक गोष्ट मात्र कुणी आधी ठळकपणे सांगायला हवी. आरव्ही घेतली म्हणजे वाटेल तिथे मुक्काम, हे बिग सरमध्ये, म्हणजे माँटेरेच्या दक्षिणेच्या या डोंगराळ किनारपट्टीत, विसरा. रस्त्याकडेला रात्र काढायला बंदी आहे, तशा पाट्याही आहेत. स्टेट पार्कातल्या जागांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि जुलैतल्या जागा बघता बघता संपतात. आम्हाला मिळाली ती फायफर बिग सरमध्ये, रेडवुडच्या गर्द झाडीत. झाडं अप्रतिम, पण किनाऱ्याच्या सहलीत रात्र जंगलात! गाडीला विजेची जोडणी नाही, आणि रात्री आठनंतर जनरेटर लावायचा नाही. शेगडी गॅसवर चालते म्हणून जेवण झालं. मैलापाण्याची टाकी रिकामी करण्यावरून आमच्यात जे झालं ते आमच्यातच राहू दे. फक्त एवढं की आधी मैल्याची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हे शेजारच्या आरव्हीतल्या आजोबांनी न विचारता येऊन शिकवलं, आणि हातमोजेही दिले. अशी माणसं भेटतात म्हणून कॅम्पग्राउंडचे बाकीचे नियम सहन होतात.

हा रस्ता सलग उघडा मिळाला हेच नशीब. 2017 साली मड क्रीकला दरड कोसळली आणि तो टप्पा वाहतुकीला खुला व्हायला 2018 चा जुलै उजाडला. त्यानंतरही दरडींचं सत्र थांबलेलं नाही.

सॅन सिमियनच्या अलीकडे पिएद्रास ब्लांकासला एलिफंट सील वाळूत लोळत असतात. बघायला पैसे पडत नाहीत, आणि आरव्ही उभी करायला चक्क जागा आहे! जुलैत कात टाकायला आलेले नर असतात, एकेक दोन टनांचा. वास दमदार. सासूबाई कठड्याला टेकून बराच वेळ बघत होत्या. ‘कुणी उठवणारं नाही ह्यांना,’ म्हणाल्या.

मोरो बेला पोचलो तेव्हा तिथला प्रसिद्ध मोरो रॉक हा भलामोठा खडक धुक्यात गडप होता. परतताना नवऱ्याने सरळ आतल्या बाजूचा हायवे 101 धरला. रुंद रस्ता, मागे कोण येतंय याची फिकीर नाही, समुद्रही नाही. मुलगा मागच्या खिडकीत बसून विनाकारण गाड्या मोजत होता आणि सासूबाईंनी सॅलिनासपर्यंत झोप काढली.